बासष्टी बुद्धी नाठी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घटनाकारांच्या कानावर गेलेली असणारच. मसुदा समितीचे अध्यक्षच मराठी बोलणारे होते. पण घटना समितीत वकिलांचा भरणा फार, आणि वकिलाच्या हाती म्हण पडली की तिला परंतुकं आणि पोटकलमं फुटतात. त्यामुळे आजची कायदेशीर परिस्थिती अशी आहे : आपल्याकडे जिल्हा न्यायाधीशाची बुद्धी साठाव्या वर्षी नाठी होते, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची बासष्टाव्या वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची पासष्टाव्या वर्षी. म्हणजे बुद्धीचा संबंध वयाशी नसून इमारतीशी आहे. मुंबईच्या फोर्टातले न्यायमूर्ती एकसष्टाव्या वर्षी दिल्लीला गेले, की त्यांची तीच बुद्धी आणखी चार वर्षं ताजी राहते. दिल्लीची हवा कुणाला इतकी मानवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

हा तीन वर्षांचा फरक आला कुठून, असं मी आमच्या वकीलसाहेबांना विचारलं. वकीलसाहेब तालुक्याच्या कोर्टात आमच्या बांधाचा दावा चालवतात. दावा माझ्या आजोबांनी लावला आणि साहेबांच्या वडिलांनी दाखल केला, त्यामुळे तो दोन्हीकडे वडिलोपार्जित आहे. साहेबांनी बार रूममधल्या बाकावर काळा कोट घडी करून ठेवला, माझ्या पैशाने आलेला चहा बशीत ओतला आणि म्हणाले, “राव, इंग्रजांनी ठेवलं होतं तेच आपण उचललं. ते गेले, पण आकडे इथेच राहिले.”

आणि ते खरंच आहे. १९३५ च्या कायद्यात उच्च न्यायालयाला ६० आणि फेडरल कोर्टाला ६५ अशी वयं होती. घटना समितीत २४ मे १९४९ रोजी यावर चर्चा झाली. पासष्ट फार झाले, साठ पुरेत, असं म्हणणारेही सभागृहात होते. पंडित नेहरू त्या चर्चेत बोलले. तेव्हा ते स्वतः एकोणसाठ वर्षांचे होते. उच्च न्यायालयात असते तर त्याच नोव्हेंबरात हार-तुरे आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी गेले असते. पंतप्रधान होते म्हणून पुढची पंधरा वर्षं राहिले. पुढे १९६३ मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने उच्च न्यायालयाचे साठचे बासष्ट झाले. २००२ मध्ये न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोग म्हणाला, उच्च न्यायालयाला ६५ करा आणि सर्वोच्चला ६८. २०१० मध्ये उच्च न्यायालयाचं वय ६५ करणारं विधेयक लोकसभेत आलंसुद्धा. ते तिथेच बसून राहिलं आणि लोकसभेची मुदत संपली तेव्हा तिच्याबरोबर निवृत्त झालं.

माझी एक शंका आहे. तीन वर्षांचा हा फरक कुणालाच मनापासून नकोसा नसावा. बासष्टाच्या उंबरठ्यावरच्या माणसाने दिल्लीकडे पाहावं, आणि दिल्लीने त्याच्याकडे पाहावं, यात अनेकांची सोय आहे. न्यायमूर्ती अर्थातच निःस्पृह असतात. पण निःस्पृह माणसालासुद्धा तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं.

ही झाली वरची मर्यादा. खालच्या मर्यादेची गंमत वेगळी. सरपंच व्हायला २१ वर्षं लागतात, लोकसभेला २५, राष्ट्रपती व्हायला ३५. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हायला किती? घटनेत आकडाच नाही. दहा वर्षं उच्च न्यायालयात वकिली केलेली असावी, किंवा पाच वर्षं तिथे न्यायमूर्ती असावं, किंवा राष्ट्रपतींच्या मते नामवंत कायदेपंडित असावं, एवढंच. उलट राजकारणात वरची मर्यादा नाही. मोरारजी देसाई पंतप्रधान झाले तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते. त्यात त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० साल लीप नव्हतं, त्यामुळे मार्च १९७७ मध्ये शपथ घेईपर्यंत त्यांचे खरे वाढदिवस अवघे एकोणीस झाले होते. वाढदिवसांच्या हिशेबाने देशाचा पंतप्रधान सरपंचपदालाही अपात्र होता.

घटनेत आकडा नसला तरी रिकामी जागा आकड्यावाचून फार काळ राहत नाही. वकिलांमधून उच्च न्यायालयावर घ्यायचं तर माणूस साधारण ४५ ते ५५ या वयातला असावा, असा संकेत आहे. या संकेतात माणसाच्या संसाराचा विचार केलेला नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी वकिलाची प्रॅक्टिस नुकती बहरलेली असते. मुलं शाळेत, कोथरूडच्या फ्लॅटचे हप्ते चालू, अशिलं दारात. तेव्हा न्यायमूर्ती व्हायला घरचे तयार नसतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी घरचे तयार असतात, अशिलं तयार असतात, प्रतिपक्षाचे वकील तर फारच तयार असतात. फक्त संकेत तयार नसतो.

जिल्हा न्यायाधीशांमधून घ्यायचं तर हिशेब आणखी बारीक. ज्या दिवशी जागा रिकामी झाली त्या दिवशी त्यांचं वय साडेअठ्ठावन्नाच्या आत हवं. साडे! या ‘साडे’वर कितीतरी माणसं अडली असतील. तरुणपणी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश म्हणून लागलेला माणूस सगळं आयुष्य बदल्यांत घालवतो. आज सावंतवाडी, उद्या अहेरी, परवा किनवट. प्रत्येक गावात क्वार्टर्सचं गळकं छप्पर, मुलांच्या नव्या शाळेत नवा युनिफॉर्म, आणि गावात कुणाशी फार बोलायचं नाही ही सक्तीची शिस्त. ज्येष्ठतेच्या यादीत एकेक पायरी चढत तो वरच्या टोकाला येतो, तेव्हा कळतं की आपण वरच्या टोकाला पोहोचलो ते साडेअठ्ठावन्न उलटल्यावर. ज्याला संधी मिळते त्याच्या वाट्याला बासष्टपर्यंतची दोन-तीन वर्षं येतात. मग दिल्लीचं नाव कशाला काढायचं? वकिलीतून आलेला माणूस पंचेचाळिशीत न्यायमूर्ती होतो आणि पुढे सतरा वर्षं ज्येष्ठता साठवतो. खाली तीस वर्षं साक्षी नोंदवणाऱ्याची ज्येष्ठता वर जाताना दारातच उतरवून ठेवावी लागते. वयोमर्यादेमुळे माणूस जातो कधी, यावर आपण चर्चा करतो. पण ती माणूस येतो की नाही आणि आला तर कुठपर्यंत जातो, हेही ठरवून टाकते, आणि ते कुणाला निकालपत्रात लिहावं लागत नाही.

न्यायाधिकरणांचा मामला तर याहून सुरस. २०२१ मध्ये सरकारने वटहुकूम काढून ठरवलं की तिथला सदस्य किमान पन्नास वर्षांचा हवा. सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती अट रद्द केली. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला आणि तीच अट परत घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने ती पुन्हा रद्द केली. मधल्या चार वर्षांत कायद्याची भूमिका अशी होती की, चाळिशीतला वकील उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती होऊन सरकारला नोटीस काढण्याइतका परिपक्व असतो, पण कराच्या अपिलाची फाईल वाचण्याइतका नव्हे.

मग परिपक्वता येते तरी कितव्या वर्षी? राजस्थानात २०१९ मध्ये न्यायसेवेच्या परीक्षेसाठी किमान वय २३ वरून २१ वर आणलं, आणि त्याच वर्षी जयपूरचा एकवीस वर्षांचा मुलगा ती परीक्षा पास झाला. सगळीकडे त्याचं कौतुक झालं. मीही केलं. मात्र घटस्फोटाच्या दाव्यात वीस वर्षांचा संसार एकवीस वर्षांच्या मुलासमोर मांडणाऱ्या जोडप्याचे चेहरे डोळ्यांपुढे आले, आणि कौतुकाचा आवाज थोडा खाली आला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर आधी तीन वर्षं वकिली करा. आमच्या वकीलसाहेबांना हा निर्णय फार आवडला. “तीन वर्षं कोर्टाच्या आवारात उभं राहिल्याशिवाय खुर्चीची किंमत कळत नाही,” ते म्हणाले. ते गेली तीस वर्षं उभे आहेत.

आता मुख्य गोष्ट. सर्वोच्च न्यायालयात कुणाचं काय होणार, हे आपल्याकडे पत्रिकेवरून ठरतं. विनोद नाही. लग्न जुळवताना निदान नऊ ग्रह बघतात. इथे दोनच बघावे लागतात, जन्मतारीख आणि शपथेची तारीख. जो ज्येष्ठ, तो सरन्यायाधीश, हा प्रघात. ज्येष्ठता मोजायची ती शपथेपासून. एकाच दिवशी शपथ झाली तर आधी कुणाची झाली हे बघायचं. आणि पासष्टावा वाढदिवस उजाडायच्या आत खुर्ची सोडायची. हे दोन आकडे हातात असले की कुणाला राजयोग आहे, कुणाला नाही, आणि असल्यास किती दिवसांचा, हे कुणीही बोटांवर मोजून सांगावं. कायद्याची मंडळी सांगतातही. एखाद्याची शिफारस झाली रे झाली, की त्याने कोणते निकाल दिले याआधी तो कोणत्या साली सरन्यायाधीश होणार याची बातमी येते.

यशवंतराव चंद्रचूड बावन्नाव्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेले. जन्म १२ जुलै १९२०. योग उत्तम, सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश. तेवढा काळ ना त्यांच्या आधी कुणाला मिळाला, ना नंतर. त्यांचे चिरंजीव धनंजय यांना दोन वर्षं मिळाली. कमल नारायण सिंह १९८६ मध्ये तिथे पोहोचले, पण एकोणसाठाव्या वर्षी. ते १९९१ मध्ये सतरा दिवस सरन्यायाधीश होते. सतरा दिवसांत आपल्याकडे नवीन साहेबाच्या नावाची पाटी रंगवून होत नाही. आपल्या कोकणातल्या घराण्यातले उदय लळित यांना २०२२ मध्ये ७४ दिवस मिळाले. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचा योग २०२७ च्या सप्टेंबरात आहे, ३६ दिवसांचा. प्रघात मोडला नाही तर त्या भारताच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील. पंचाहत्तरहून अधिक वर्षं वाट बघितल्यावर देशाने त्यांना दिवाळीचा बोनस मोजावा तसे दिवस मोजून दिले आहेत. त्यात सरकारी नोकराला मिळते ती सवलतही नाही. मंत्रालयातला शिपाई, एक तारीख सोडली तर, महिन्याच्या कोणत्याही तारखेला जन्मलेला असो, महिनाअखेरपर्यंत कामावर राहतो. न्यायमूर्तींनी मात्र वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच निघायचं. भूषण गवई यांचा जन्म २४ नोव्हेंबरचा, म्हणून ते २०२५ च्या २३ नोव्हेंबरला निवृत्त झाले. केक कापायचा तो माजी म्हणूनच.

एवढं सगळं ज्या जन्मतारखेवर उभं आहे, ती जन्मतारीख आपल्याकडे कशी तयार होते हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. आमच्या पिढीत आणि आधीच्या पिढीत अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला. आई सांगायची, “तू झालास तेव्हा नदीला मोठा पूर आला होता आणि तुझ्या आत्याचं लग्न मोडलं होतं.” गुरुजी हे शांतपणे ऐकून घेत आणि रजिस्टरात १ जून लिहीत. शाळा जूनमध्ये सुरू होते, आणि पोराचं वय त्या दिवशी भरलेलं असलं की गुरुजींचं काम झालं. पुढे हीच पोरं नोकरीला लागली, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्यांनी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त व्हायचं या नियमाने दर ३१ मे रोजी राज्यातली कचेऱ्याच्या कचेऱ्या ओस पडू लागल्या. २००४ मध्ये तीस दिवसांचे सरन्यायाधीश झालेले एस. राजेंद्र बाबू यांची जन्मतारीखही १ जूनच. त्यांची अर्थातच खरी असणार. पण वाचताना मराठी मनात गुरुजी डोकावून गेलेच.

गुरुजींनी लिहिलेली तारीख आणि आईने सांगितलेली तारीख यांच्यात भांडण लागलं की काय होतं, याचा उत्कृष्ट नमुना कलकत्ता उच्च न्यायालयात घडला. न्यायमूर्ती ज्योतिप्रकाश मित्तर १९४९ मध्ये नेमले गेले तेव्हा त्यांनी जन्मतारीख सांगितली २७ डिसेंबर १९०४. पुढे कुणीतरी मॅट्रिकची नोंद शोधली. ती म्हणाली, १९०१. सरकार म्हणालं, म्हणजे तुमची साठी डिसेंबर १९६१ मध्ये भरते. मुख्य न्यायमूर्तींनी त्या दिवसापासून त्यांना काम देणं थांबवलं. मित्तर कोर्टात गेले. म्हणजे कोर्टातच होते, आता पक्षकार म्हणून गेले.

या एका माणसाच्या वयामुळे देशाच्या घटनेला हात लावावा लागला, असं म्हणायला हरकत नाही. १९६३ च्या घटनादुरुस्तीत कलम २१७ मध्ये नवं तिसरं उपकलम आलं, तेही पूर्वलक्षी प्रभावाने : न्यायमूर्तींच्या वयाचा प्रश्न निघाला तर भारताच्या सरन्यायाधीशांचा सल्ला घेऊन राष्ट्रपती निर्णय देतील, आणि तो अंतिम असेल. म्हणजे तुमच्या-आमच्या जन्मतारखेत चूक निघाली तर तहसील कचेरीत खेटे घालावेत. न्यायमूर्तींच्या जन्मतारखेसाठी थेट राष्ट्रपती भवन. राष्ट्रपतींनी १९६५ मध्ये निर्णय दिला : १९०१. मित्तर पुन्हा भांडले. सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल जानेवारी १९७१ मध्ये लागला : राष्ट्रपती बरोबर. तोवर मित्तर सरकारच्या हिशेबाने एकोणसत्तर वर्षांचे होते आणि स्वतःच्या हिशेबाने सहासष्ट. दोन्ही हिशेबांनी खुर्ची कधीच गेलेली. न्यायमूर्ती म्हणून त्यांनी किती दाव्यांना तारखा दिल्या असतील कोण जाणे. एका तारखेने त्यांना मात्र दहा वर्षं फिरवलं.

कधीकधी मनात येतं, आपले जुने न्यायाधीश आजच्या चाळणीतून गेले असते का? काशिनाथ त्रिंबक तेलंग १८८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. आजच्या संकेताने, ‘सहा वर्षांनी या.’ सहा वर्षं त्यांच्यापाशी नव्हती. ते १८९३ मध्येच गेले, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. त्यांच्या जागी न्यायमूर्ती रानडे आले, एक्कावन्नाव्या वर्षी, खालच्या कोर्टांत उमर काढून. आपल्याकडे मित्रांच्या गप्पांत अजून भांडणं होतात की दोघांत थोर कोण. वयावरून कुणी भांडत नाही.

आणि रामशास्त्री प्रभुणे! सांगतात की विसाव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. साताऱ्याला सावकाराकडे शागीर्द होते, पाय धुवायला पाणी घालताना त्याच्या भिकबाळीकडे टक लावून बघत राहिले, बोलणी खाल्ली, आणि रागाने काशी गाठली. १७५९ मध्ये पेशव्यांचे न्यायाधीश झाले तेव्हा साधारण एकोणचाळिशीचे असावेत. आता त्यांना आजचा ऑनलाइन अर्ज भरायला बसवू. पहिलाच रकाना, लाल चांदणी लावलेला : जन्मतारीख. शास्त्रीबुवा म्हणणार, “शके सोळाशे बेचाळीसच्या सुमारास.” सिस्टिम म्हणणार, ‘दिनांक अवैध.’ शेजारचा सायबर कॅफेवाला पोऱ्या म्हणणार, “आजोबा, १ जून टाकू का?” समजा टाकली. पुढे : शाळा सोडल्याचा दाखला. शास्त्रीबुवांनी शाळा कधी धरलीच नाही, तर सोडणार कुठून? कनिष्ठ स्तर न्यायाधीशाची परीक्षा द्यावी तर वय उलटलेलं. उच्च न्यायालयाला अजून कोवळे. राहता राहिला जिल्हा न्यायाधीश, त्याला पस्तीस वर्षं आणि सात वर्षांचा अनुभव हवा. पेशव्यांच्या पदरी १७५१ पासून, म्हणजे अनुभव भरतो. फक्त बार असोसिएशनच्या लेटरहेडवर तसं लिहून आणा. इथे बहुधा शास्त्रीबुवा उठले असते. १७७३ मध्ये राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा माणूस ‘फाईल साइझ २०० केबीपेक्षा जास्त’ या निकालापुढे कितपत टिकला असता, सांगता येत नाही.

वयोमर्यादाच नको, असं कुणाला वाटत असेल तर त्याने अमेरिकेकडे बघावं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींना निवृत्तीचं वयच नाही. ऑलिव्हर वेंडेल होम्स १९३२ मध्ये नव्वदाव्या वर्षी पायउतार झाले. पण सगळेच होम्स नसतात. १८६९ च्या सुमारास न्यायमूर्ती ग्रीअर इतके थकले की सहकाऱ्यांनीच त्यांच्याकडे शिष्टमंडळ नेलं : आता विश्रांती घ्या. त्यात स्टीफन फील्ड नावाचे न्यायमूर्ती होते. पंचवीसेक वर्षं गेली, फील्ड स्वतः ऐंशीला पोहोचले, डोकं साथ देईना. सहकारी न्यायमूर्ती हार्लन हळूच शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, तुम्ही एकदा ग्रीअरसाहेबांकडे गेला होता, आठवतंय का? फील्ड एकदम जागे झाले. म्हणाले, हो, आणि त्याहून घाणेरडं काम मी जन्मात केलं नाही! हार्लन परतले. जुने मुख्य न्यायमूर्ती मार्शल यांचा चौतीस वर्षांचा विक्रम मोडल्यावरच फील्ड उठले.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३७ मध्ये यावर उपाय काढला : साडेसत्तर वर्षांपुढचा न्यायमूर्ती उठत नसेल तर त्याच्या शेजारी आणखी एक नेमायचा, असे जास्तीत जास्त सहा. (हा ‘साडे’ तिथेही आहेच. सरकारी मेंदू सगळीकडे अर्ध्यावरच अडतो.) कारण दिलं म्हाताऱ्यांना काम झेपत नसल्याचं; खरं कारण, हे म्हातारे त्यांचे कायदे रद्द करत होते. त्यांच्या कायदेमंत्र्याला ही कल्पना मिळाली ती जुन्या कागदांत. १९१३ च्या सुमारास एका ॲटर्नी जनरलने खालच्या कोर्टांतल्या सत्तरीपुढच्या न्यायाधीशांसाठी असंच सुचवलं होतं. तो ॲटर्नी जनरल म्हणजे मॅक्रेनॉल्ड्स, आणि १९३७ मध्ये तो स्वतः सर्वोच्च न्यायालयात पंचाहत्तर वर्षांचा होऊन बसला होता, रूझवेल्टच्या विरोधकांत. उलट तिथले सर्वांत वृद्ध ब्रँडाइस, वय ऐंशी, बरेचदा रूझवेल्टच्या बाजूचे, ते दुखावले. योजना सिनेटमध्ये आपटली.

ऑस्ट्रेलियाला अशा भानगडी कराव्या लागल्या नाहीत, कारण तिथे एका कीटकाने काम केलं. न्यायमूर्ती मॅकटिअर्नन १९३० पासून तिथल्या हाय कोर्टात होते. १९७६ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मेलबर्नच्या हॉटेलात ते गुंडाळलेलं वर्तमानपत्र घेऊन एका रातकिड्याच्या मागे धावले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. चाकाच्या खुर्चीवरून कोर्टात यायचं तर उतार बांधायला हवा होता. सांगतात की मुख्य न्यायमूर्ती बारविक खर्चाचं कारण देऊन नाही म्हणाले. जवळजवळ शेहेचाळीस वर्षांची कारकीर्द अशी संपली. पुढच्याच वर्षी सार्वमत घेऊन ऑस्ट्रेलियाने सत्तर वर्षांची मर्यादा घातली. रातकिड्याच्या नावाचा उल्लेख मतपत्रिकेवर नव्हता.

इंग्लंडमध्ये १९५९ च्या कायद्याने पंचाहत्तर केले, १९९३ च्या कायद्याने सत्तर, २०२२ मध्ये परत पंचाहत्तर. लॉर्ड डेनिंग पहिल्या कायद्याच्या आधीच नेमलेले, म्हणून त्र्याऐंशीपर्यंत बसले. ती त्यांची मर्जी होती. इंग्रजांकडून आकडे उचलताना ही मर्जी मात्र आपण तिथेच ठेवली.

आपल्याकडे खुर्ची सुटली तरी बुद्धी लगेच सुटते असं मात्र नाही. बासष्टीला नाठी झालेली बुद्धी त्रेसष्टीला लवादात बसते, आणि तिथे वरची मर्यादा नाही, फक्त बैठकीची फी आहे. आयोग आहेत, न्यायाधिकरणं आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षांना सत्तरपर्यंत मुभा आहे. ज्या उच्च न्यायालयात बसलो तिथे वकिली करता येत नाही, पण सर्वोच्च न्यायालयात करता येते. म्हणजे बासष्टीनंतर माणूस निकाल द्यायला असमर्थ, पण निकाल देणाऱ्याला समजावून सांगायला समर्थ. शनिवारी संध्याकाळी मुंबईतल्या एखाद्या क्लबात जाऊन बघा, तिथले सगळ्यात कामात असलेले लोक ‘निवृत्त’ असतात.

परवा तारखेला गेलो होतो तेव्हा वकीलसाहेबांना अमेरिकेतल्या वेस्ली ब्राउन यांची गोष्ट सांगितली. कॅन्ससचे फेडरल डिस्ट्रिक्ट जज. केनेडींनी १९६२ मध्ये नेमले. नाकात प्राणवायूची नळी घालून कोर्टात येत. शंभरी उलटली तरी खटले चालवत, पण लांबणारा खटला समोर आला की वकिलांना आधीच बजावत, या वयात मी कच्ची केळीसुद्धा विकत घेत नाही. २०१२ च्या जानेवारीत एकशेचाराव्या वर्षी गेले, ते न्यायाधीश म्हणूनच.

साहेबांनी बशी खाली ठेवली. बराच वेळ विचार केला.

“एकशेचार?” ते म्हणाले. “आणि शेवटपर्यंत डिस्ट्रिक्ट जजच? पन्नास वर्षांत हायकोर्टाला नाव गेलं नाही? नक्की कुणाशी तरी वाकडं असणार हो त्यांचं.”